राई

अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परतताना
बाप धारूरच्या अलीकडंच एसटीतून उतरला.
"हितं एक जागा हाये," एवढंच म्हणला
आणि चढणीला लागला.
दहा पावलं, मग दम. दहा पावलं, मग दम.
माझ्या हातात एक्स-रेचं पिवळं पाकीट,
वाऱ्यात पत्र्यासारखं वाजणारं.

माळावर सीताफळाची झुडपं, त्यांच्यात उभे ते.
मी सोळा मोजले. बाप म्हणला, सतरा;
एक कुसळात मानेपर्यंत बुडालेला.
कुणाच्या अंगावर घोडा, कुणावर वळवून नेलेल्या गाई,
आणि वर सगळ्यांनाच तोच चंद्र, तोच सूर्य,
एकाच तलाठ्यानं उतारे लिहून दिल्यासारखे.
मधोमध दर्गा. बुटका, चुन्याचा.
एवढ्या उभ्यांच्या घोळक्यात
एकटाच आडवा झालेला माणूस.

गाव सांगतं, पीर आले तेव्हा धोंडे आधीच होते.
पीर म्हणाले, तुम्ही उभे राहा, मी जरा पडतो.
हुर्मतबी म्हणते सातशे वर्षं झाली,
तिचा नातू म्हणतो चारशे.
बाप काहीच म्हणत नाही.
माझा बाप देव बघत नाही, टाकी बघतो.

चपला काढून त्यानं पहिल्या दगडावर
बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला,
सकाळी डॉक्टरनं त्याच्या पाठीला लावला तसा.
"जित्ता हाये."
दुसरा. "ह्यो बी."
तिसऱ्याशी थांबला.
"ह्येच्या पोटात चीर हाये. वरून दिसंना.
चार पावसाळे, लई झालं तर."
आमच्या वडारी बोलीत दगडाला राई म्हणतात.
तेवढंच तो त्याला हलक्यानं म्हणला,
आजारी जनावराला नावानं हाक मारावी तसं.

एका घोड्याचे तीन पाय कोरलेले, चौथा नुसती रेघ.
"गडी उठून गेला बघ. मजुरी दिली नसंल.
न्हाईतर असा..."
पुढचं खोकल्यात गेलं.

हुर्मतबीनं तांब्या आणला, मोरचेल काखेत तसंच.
पाकिटातली फिल्म काढून उन्हावर धरली.
"अगे, अबाळ आया सरका दिस्ता."
दगडाची भुकटी आहे, मी म्हणाले, चाळीस वर्षांची.
बाप हसला. "केज आन् धारूर,
दोन तालुक्यांचे पाटे-वरवंटे हायेत त्यात."
फिल्मची सावली आत कबरीवर पडली होती.
हिरव्या चादरीवर बापाच्या बरगड्या.
मी पदराखाली रेवड्यांची पुडी चाचपली.
नवस बोलू का?
"निजल्या माणसाला कशाला उठवती."

मग तो उंबऱ्यावर टेकला, आणि टेकल्या टेकल्या
हात उंबऱ्याच्या खालच्या कडेवरनं फिरला,
फिरला, आणि तिथंच राहिला.
माती खरवडली त्यानं नखानं.
एक पाऊल. पैंजण. ढालीची गोल कड.
पालथा घातलेला, कधीचा कुणास ठाऊक,
पाठ झिजून आरशासारखी झालेली
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तळव्यांनी.

हुर्मतबी दाराशी. मोरचेल थांबलेलं.
"मेरी सास को मालूम था," ती म्हणाली.
मग मराठीत, हळू,
"सांगू नका बाबा कुणाला. लोक येतेत. निस्ते हात जोडायला न्हाई येत आता."

बाप बराच वेळ बसून होता.
उंबऱ्याखालून त्या पावलाला त्याचा अंगठा लागलेला.
मग ओंजळीनं माती ओढली,
थापली, तांब्यातलं उरलेलं पाणी शिंपडलं,
लिंपणाचा हात फिरवला वरनं,
भिंत नवी बांधताना फिरवतो तसा.
रेवड्या मी नातवाला दिल्या.

फाट्यावर एक पोरगं मोटारसायकलीवर बसलेलं,
कपाळाला मोबाईलचा उजेड.
वर जाऊन आलात का, किती दगड हायेत हो?
"सतरा," बाप म्हणला.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणाले, मला तर सोळाच दिसले.

एसटी आली. बापानं पहिल्यांदाच
पाकीट स्वतःच्या मांडीवर घेतलं,
वर पालथा हात ठेवला.
धारूर येईपर्यंत ते वाजलं नाही.